जिन्याखालचं दार

डायलिसिसच्या खुर्चीत बसताना भास्कररावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आजची ही शेवटची खेप. यापुढे यायचं नाही. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीतली तस्नीम मोकळ्या हाताने टॅबलेटवर खेळत होती. अंधारं तळघर, एकेक दार उघडत जायचं. आत खजिना निघेल की राक्षस, ते फाशावर. तिचा योद्धा मेला. तिने हसून पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात केली, तर लगेच परत मेला.

भास्कररावांना राहवेना. "जिंकतेस का गं कधी?"

"अजून तरी नाही, काका."

"मग खेळतेस कशाला?"

"दर वेळी खोल्या बदलतात ना. पुढच्या दारामागे काय निघेल, ते बघायचं असतं." तिने टॅबलेट त्यांच्याकडे दिला. "बघा तुम्हीच."

पहिल्याच दाराशी त्यांना सापाने गिळलं. दुसऱ्या डावात ते विहिरीत पडले. "हा तर सरळसरळ अन्याय आहे!" ते ओरडले, तशी नर्स वळून बघू लागली. मग एकदाचा फासा बरा पडला, कंदील मिळाला, आणि त्याच्या उजेडात खाली जाणारा जिना दिसला. जिन्याखाली बंद दार.

तेवढ्यात तस्नीमची वेळ संपली. हाताला पट्टी बांधून घेत तिने टॅबलेट मागितला.

"अगं, पण ते दार..."

"तसंच ठेवते, काका."

"परवा किती वाजता येतेस?" भास्कररावांनी विचारलं. आपण काय विचारलं, ते त्यांना ती गेल्यावर कळलं.