रंगाईचा नाला

"यंदा धोतरे वाटायची नाहीत," असे रंगाईच्या कारखान्याच्या नव्या मालकीणबाईंनी सांगताच निवृत्त व्यवस्थापक केशवराव टेंबे काठी टेकून उठले. "शाल्मलीताई, दर दसऱ्याला घरटी पांढरे धोतर द्यायची प्रथा तुमच्या आजोबांची. ती मोडणार असाल, तर यंदा दसऱ्याला मी कारखान्याची पायरी चढणार नाही."

"काका, आधी नाल्यावर चला."

कारखान्याचे पाणी त्या नाल्यात सुटे. भट्टीवर आज कोणता रंग चढला आहे, हे गाव नाल्याकडे बघून ओळखत असे. कारखान्याने दिलेले पांढरे धोतर कारखान्याच्याच पाण्यात पहिल्या धुण्याला डागाळते, हे केशवरावांनी उभ्या नोकरीत पाहूनही कधी मनावर घेतले नव्हते.

काठावर भागाबाई धुणे आपटत होती.

"धोतर नाही मिळणार म्हणून रुसलात का?" केशवरावांनी विचारले.

"रुसू कशाला, सायेब? तुमचं धोतर एका धुण्यात लालपिवळं व्हायचं. आमचे घरधनी म्हणायचे, रोजच शिमगा. आता पाणी चोख सोडताय, तर जुनंच पुरंल."

"सारा पैसा पाणी शुद्ध करण्यात घातला, काका," शाल्मली हळूच म्हणाली. "आज भट्टीवर लाल रंग आहे."

नाल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. केशवरावांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, पाण्यात बुचकळली, पिळली आणि उन्हात धरून उलटसुलट न्याहाळली. मग तशी ओलीच डोक्यावर चढवली.

"दसऱ्याला हीच घालून येईन," ते म्हणाले.