डाव्या कोपऱ्यातली तीन पानं

ताझुकोने फोटो काढून टाकला आणि चहा ओतायला उठली. परत येऊन बघते, तर फोटो पुन्हा जागेवर.

निरिन्सो या रानभाजीची माहिती देणारं ते पान. ज्ञानकोश इंटरनेटवरचा, कुणीही लिहावं, कुणीही खोडावं असा. फोटो तिनेच घरामागच्या डोंगरावर काढला होता, शाळेतून निवृत्त झाली त्या वसंतात. कातरलेली हिरवी पानं, मध्ये पांढरी फुलं. आज सकाळी लेकीने पाठवलेल्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तिने तो सहज उघडला आणि मग डावा कोपरा आणखी मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यातली तीन पानं भाजीची नव्हतीच. बचनागाची होती. दोन्ही एकाच ओलीत उगवतात, पानं एकसारखी. एक उकळून खातात. दुसरं पोटात गेलं तर माणूस हाती लागत नाही.

तिने फोटो पुन्हा काढून टाकला, या वेळी कारण लिहून. 'पहाडी कोल्हा' असं नाव घेतलेल्या कुणीतरी तो परत लावला. अदबीने कळवलं, की रानभाज्यांच्या एका छापील पुस्तकातही हाच फोटो निरिन्सो म्हणून आहे. ते पुस्तक ताझुकोला ठाऊक होतं. त्यांनी फोटो इथूनच उचलला होता. तिने लिहिलं, फोटो माझा आहे, मी जीवशास्त्र शिकवत होते. उत्तर आलं, की असं इथे कुणीही म्हणू शकतं. दुसऱ्या कुणी जाणकाराने दुजोरा दिला तर बघू.

"बरोबर आहे त्याचं," तिचा नवरा एइजी पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "आणि अगं, कोण बघतंय ते?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. डोंगरापलीकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीचा, फुसाकोचा निरोप. चाळणीभर धुतलेल्या हिरव्या पानांचा फोटो, आणि खाली: तुझीच भाजी, ताई. पाणी उकळतंय.

ताझुकोने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ती खोलीभर फिरत होती, दाराशी जात होती, परत येत होती. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एइजीने पेपर बाजूला ठेवला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

"काय गं?" फुसाकोचा आवाज आला.

"ती भाजी खाऊ नकोस."

"खाऊन झाली की."

फोटोत कोपऱ्यात, एवढंच ताझुको म्हणाली.

"बचनाग आहे. माहितेय मला. मी फुलासकटच खुडते. आई सांगायची ना, फूल दिसल्याशिवाय हात लावायचा नाही."

ताझुको होती तिथेच खाली बसली. एइजीकडे बघून तिने नुसता हात हलवला. तोही बसला.

"माहितेय म्हणजे? कधीपासून?"

"तू फोटो लावलास तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू बाई शाळेतली. आईच्या वर्षश्राद्धाला तुझी एक चूक काढली होती, तर वर्षभर फोन केला नव्हतास."

एइजीने पुन्हा पेपर तोंडासमोर धरला.

मग ताझुकोने फुसाकोला ज्ञानकोशातलं ते पान उघडून दुजोरा द्यायला सांगितलं. फुसाको कुरकुरली, हे आपल्याला जमणार नाही म्हणाली, मग चष्मा शोधायला गेली. कुठे दाबायचं, कुठे लिहायचं ते ताझुकोने सांगितलं. आतापर्यंत कुणाकुणाच्या घरी पाणी उकळत ठेवलं असेल, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. फुसाको एका बोटाने टाइप करत होती आणि प्रत्येक शब्द मोठ्याने वाचत होती.

"कोपऱ्यातली पानं... बचनागाची आहेत. हा फोटो... माझ्या बहिणीनं..." ती थांबली. "ताई, 'बहिणीनं' ठेवू की गाळू?"

खिडकीबाहेर दोघं नवरा-बायको टोपली घेऊन डोंगराची वाट चढत होती. बायको थांबली, खिशातून फोन काढला आणि वाकून पायाशी उगवलेलं काहीतरी त्यातल्या फोटोशी ताडून पाहू लागली.

"ठेव," ताझुको उठून दाराकडे जात म्हणाली. "लवकर लिही."