जाळीचं शटर

राघो आणि भागीरथी सुरतेतल्या डिंडोलीच्या रो-हाउसमध्ये राहायला येऊन तीन महिने झाले होते. खाली मोपेड ठेवायची खोली होती. तिला ना खिडकी, ना दुसरं दार, फक्त एक गंजलेलं शटर. रोज दुपारी चारच्या सुमारास ते शटर आतून कुणीतरी तीनदा ठोकायचं. भागीरथी धावत जाऊन उघडायची, तर आत मोपेडशिवाय काही नसायचं.

शेवटी दोघं उधन्याला नवं शटर बघायला गेले.

"जाळीवाळुं के बंद?" दुकानदाराने गुजरातीत विचारलं.

"बंद पत्राच लिऊत," राघो हळूच म्हणाला. "आवाज तरी कमी यी."

"नही. मझार कोन शे, ते माले दखनं शे." आत कोण आहे, ते भागीरथीला बघायचंच होतं. कित्येक दिवसांत ती धड जेवली नव्हती. राघोने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि जाळीच्या नमुन्यावर बोट ठेवलं.

शनिवारी शटर बसलं. चार वाजायच्या आधीच भागीरथी जाळीला डोळे लावून उभी राहिली. आत उन्हाचे ठिपके पडले होते. मोपेड होती, मागे भिंत होती. चार वाजून गेले तरी कुणी ठोकलं नाही.

"कोन शे?" मागून राघोने विचारलं.

तेवढ्यात जाळीच्या पलीकडून तिच्या गालावर ऊबदार श्वास आला. मग पुन्हा आला. समोर भिंतीपर्यंत सगळं मोकळं दिसत होतं.

"कोनीच नही," ती कशीबशी म्हणाली.

श्वास थांबला. कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा थांबतो, तसा.