तपासणाऱ्याची सही

गार्गी सायकलवरून उतरायला तयार नव्हती. वाडीतल्या गल्लीत, आपल्याच खोलीच्या दाराशी, दोन्ही पाय जमिनीला टेकवून ती सीटवर ठाण मांडून बसली होती. समोर सायकलवाले प्रेमानंदकाका मोबाइल हातात धरून उभे होते.

"कंपनीचा निरोप आला," ते तिच्या आईला, सरिताला, म्हणाले. "या मॉडेलच्या साऱ्या सायकली वापस मागवल्या. ब्रेक लेकरायच्या हाताले बरोबर नाही म्हणते. सहा विकल्या होत्या म्या. पाच जमा झाल्या, ही सहावी."

"हिची तर काही तक्रार नाही, काका. उलट सायकल आल्यापासून पोरगी शहाणी झाली. न सांगता माह्यासंगं कपडे पिळू लागते." सरिताला हे कुणाला तरी सांगायचंच होतं. "चप्पल तेवढी टिकत नाही हिची. दिवाळीपासून तिसरी आणली."

खरं तर काकांना त्या निरोपाचा रागच आला होता. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून एकही सायकल तपासल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. प्रत्येक सायकलीबरोबर ते एक कार्ड देत. त्यावर 'ब्रेक तपासले' असं छापलेलं असे आणि पुढे त्यांची झोकदार सही. कंपनीनं आपली चूक कबूल करावी, तो तिचा प्रश्न. त्या चुकीखाली आपलीही सही आहे, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"माह्या सायकलचे ब्रेक मस्त आहे," गार्गी म्हणाली. "थांबते ना ती."

"थांबते? दाखव बरं."

गार्गीला नेमकं हेच नको होतं. पण माघार घेणाऱ्यांतली ती नव्हती. गल्लीच्या वरच्या टोकाला, गोदामाच्या भिंतीपर्यंत सायकल ढकलत नेली, वळवली आणि गल्लीच्या उतारावरून निघाली. वर घंटी वाजवत. सरिता कौतुकानं बघत राहिली. काकांनी मात्र तिच्या हातांकडं पाहिलं. बोटं ब्रेकवर नव्हतीच. आपण हे काय करायला सांगितलं, असं वाटून ते दोन्ही हात पसरून पुढे धावले.

खर्रर्र आवाज झाला. सायकल त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"थांबली की नाही?" गार्गीनं विचारलं.

काका खाली बसले. त्यांनी तिच्या डाव्या पायातली चप्पल काढून उलटी केली. चवड्याखालचं रबर पार झिजून गेलं होतं. मधल्या भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं.

"हा तुहा ब्रेक होय?"

गार्गीनं आईकडं पाहिलं, मग चपलेकडं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कार्डावर लिहिलं आहे ना, ब्रेक तपासले म्हणून. दुकानात तुम्ही दाबला तर लागला होता. मी दाबला तर लागतच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मले वाटलं, माह्याच हातात ताकद नाही. म्हणून कपडे पिळून राहिली होती. आता थोडी आली ताकद. अजून एक महिना द्या ना, काका. नका नेऊ."

सरितानं ती झिजलेली चप्पल काकांच्या हातातून घेतली. पोरीचा हाच शहाणपणा ती दोन महिने शेजारीपाजारी मिरवत होती.

काकांनी गार्गीचा हात धरून ब्रेकच्या दांडीवर ठेवला. बोटांची टोकं जेमतेम पोचली. मग त्यांनी स्वतःचा हात ठेवला. नटबोल्टांवर पाने फिरवून फिरवून राठ झालेला तो हात. दांडी मुकाट्यानं आत गेली. याच हातानं त्यांनी सहाही सायकली तपासल्या होत्या. सहाच कशाला, तीस वर्षांतली लहान लेकरांची एकूण एक सायकल याच हातानं तपासली होती. त्यांना पोरीच्या डोळ्यांना डोळा देववेना.

"तुह्या हातात काही कमी नाही वं," ते म्हणाले. "म्या माह्या हातानं पाहिलं, हे चुकलं. आज सायकल नेतो. लहान दांडीचे ब्रेक बुधवारी येऊन राहिले. शाळा सुटली की दुकानात ये."

गार्गी एका पायात चप्पल घालून सडकेपर्यंत सायकलच्या मागं मागं गेली. एक हात सीटवर होता.

बुधवारी नवे ब्रेक बसवलेल्या सहा सायकली दुकानासमोर रांगेनं उभ्या होत्या. शेवटची गार्गीची. काकांनी सहा कोरी कार्डं आणि पेन तिच्या हातात दिलं.

"दाबून पाह्य. पटलं, तरच सही कर."

गार्गीनं दप्तर उतरवलं. पहिल्या सायकलीचं चाक फिरवलं, ब्रेक दाबला, पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबला. मग चौकटीत मावेना एवढ्या अक्षरात लिहिलं, 'गार्गी, तिसरी ब'. अशा पाच सह्या झाल्या. एकेका सहीगणिक ती आपल्या सायकलीच्या जवळ सरकत होती आणि तिकडं बघायचं टाळत होती.

सहाव्या सायकलीचा ब्रेक तिनं दाबला. चाक थांबलं. पुन्हा दाबला. बराच वेळ ती त्या दांडीकडं बघत राहिली. मग तिनं पेनाला टोपण लावलं.

"हा माह्या हाताले अजून घट्ट जाते, काका. ढिला करा. मग करते सही."

पंक्चर काढून घ्यायला बसलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. तीस वर्षांत काकांचा ब्रेक नापास करायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी पाना उचलला आणि सहाव्या सायकलीपुढं मांडी घालून बसले.