नमुन्यातला दादा

विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना जोडणाऱ्या ॲपचं डिझाइन मी टॅबवर करत होते. नमुन्याच्या प्रोफाइलला हसरा चेहरा हवा होता. मी दादाचा फोटो चिकटवला आणि खाली सुचेल ते लिहिलं: मुख्य अभियंता, होतकरू मुलांना मार्गदर्शन करायला सदैव तयार. खरं तर शेवटच्या वर्षी नापास झाल्यावर दादा जो घरातून गेला, त्याचा आजतागायत पत्ता नाही. चहा घेऊन आलेली आई टॅबपाशी थबकली. “अगं, चांगला मार्गी लागलाय की हा! लोकांच्या पोरांना मदत करतो, आणि आईला साधा फोन करता येत नाही मेल्याला?” मी तोंड उघडेपर्यंत तिने ‘संदेश पाठवा’वर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. ते नुसतं बटणाचं चित्र होतं. “उघडतच नाहीये गं.” “नेट गेलंय, आई,” मी म्हणाले. “येईल की,” तिने खुर्ची ओढली. “मी थांबते.”