विहिरीवरची सकाळ

"बैल सरकारी नोकरीत हाय का गं?" गोदाबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं खुपसून विचारलं. "एवढा गुबगुबीत?"

पूर्णिमानं निमूटपणे बैलाचं पोट आत घेतलं.

सॉफ्टवेअरची नोकरी सोडून नात चित्रं काढायला बसली, हे गोदाबाईंना अजून पचलं नव्हतं. हिंजवडीला नेणारी कंपनीची गाडी वारज्यात थेट त्यांच्या सोसायटीच्या दाराशी यायची, आणि तिचा तोरा चारही मजल्यांवर गोदाबाईच मिरवायच्या. आता काय, तर मुलांच्या पुस्तकातल्या एका जुन्या कवितेला चित्र. गावातली सकाळ, विहीर, पाणी भरणाऱ्या बाया. पूर्णिमाचं हे पहिलंच काम, आणि प्रकाशकांनी ते एकदा परत पाठवलं होतं. 'यात गाव दिसत नाही,' म्हणाले. आज सहापर्यंत जमलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"आजी, कविता परत वाचून दाखवू?"

"नको. पाण्याला आधी कोण येतं, ते त्या कवीला ठाऊक नाही. मला हाय."

आणि गोदाबाई सांगत सुटल्या. सगळ्यांत आधी पाटलीणबाई. पाण्याला नथ घालून येणारी तेवढी एकच. तिच्या मागं सोनारीण. ती बोलणार मणभर, पोहरा ओढणार दोन हात. दोर घासून कठड्याच्या दगडाला खाचा पडलेल्या, मधली सगळ्यांत खोल. आणि घागर उचलायच्या आधी बाई डोक्यावर कापडाची चुंबळ बसवते. "तुझ्या बाया टोपी घातल्यागत घागरी घालून उभ्या हायेत!"

दुसरीपर्यंतच शिकलेली म्हातारी बोलत होती, आणि पडद्यावर गाव उभं राहत होतं.

"इतकं बारीक कसं गं लक्षात राहिलं तुझ्या?"

"बघितलंय की. लग्न होऊन पुण्याला येईस्तोवर रोज."

"आणि वेळ किती जायचा?"

"कधी कधी दुपार व्हायची."

"एका घागरीला?"

"गर्दी असायची," गोदाबाई म्हणाल्या. "तू हात चालव. तोंड काय, चालतंच."

साडेपाचला चित्र झालं. गोदाबाईंनी चष्मा पुसला, कोपरा न्‌ कोपरा तपासला, आणि म्हणाल्या, "बरं हाय."

त्यांच्याकडून एवढं ऐकायला लोकांची हयात जायची. पूर्णिमानं त्यांच्या गळ्यात हातच टाकले.

"आता एकच. यातल्या एकीला तुझा चेहरा देणार मी. सांग, तू कुठली? ही कठड्यावरची?"

"नको ती थेरं. पाठव तसंच."

"तू नसशील, तर मी पाठवणारच नाही. गेलं काम तर जाऊ दे."

गोदाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग नातीच्या हट्टी हनुवटीकडे. आपलीच हनुवटी ती. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ते पाटलीणबाईवरून, खाचांवरून, बैलावरून सरकत चित्राच्या कडेला आलं, कड ओलांडून खाली उतरलं आणि टेबलाच्या लाकडावर टेकलं.

"इथं. रिकामी घागर घेऊन. विहिरीला शिवायची आमच्या माणसांना मुभा नव्हती. त्यांच्यातल्या कुणी वरनं पाणी ओतलं, तर भरायचं."

मग मान ताठ करत त्या म्हणाल्या, "पण इथनं सगळं लख्ख दिसायचं."