चार पॉइंट दोन

लोखंडी पाइपाचा पहिला घाव मॉनिटरवर बसला. दुसरा रणवीरच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज काचेच्या आवाजापेक्षा बारीक होता, पण संयोगिताला तोच ऐकू आला.

"अरे भाई, शांती राखो!" रणवीर गुजरातीत म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून खाली घसरला.

"मराठीत बोल. बाहेर पाटीवर मोहिते लिहिलंय ना?"

पाइपवाला माणूस पन्नाशीचा होता. आत येताच त्याने दाराला कडी घातली होती. "मी विश्राम. छाणीला राहतो. परवा केमिकल कंपनीत टाकी फुटली, दोन माणसं गेली. पाळीवर माझा धाकटा भाऊ होता, श्रीकृष्ण. कॉम्प्युटरवर तुमचं ते दाब दाखवणारं पान उघडून बसलेला. कंपनी म्हणते, झोपला. त्याचं म्हणणं, जागा होतो, दाबाचा आकडा चार पॉइंट दोनवरून हललाच नाही. चाळीस मिनिटं. तुम्ही बनवलंय ना ते? मग सांगा."

"सॉफ्टवेअर बरोबर आहे," रणवीर म्हणाला.

पाइप गुडघ्यावर पडला. रणवीर ओरडला, आणि ओरडून झाल्यावर तेच म्हणाला. "बरोबर आहे, काका. दोन वर्षं चालतंय."

"म्हणजे तो झोपला होता?"

"झोपलाच असणार."

विश्रामने मोठा श्वास सोडला. पाइप खाली आला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि कडीकडे हात नेला.

संयोगिता टेबलामागे उभी होती. आता फक्त गप्प राहायचं होतं. रणवीर तिच्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको.

दोन वर्षांपूर्वी हे पान बनवताना त्या दोघांचं आठ दिवस भांडण झालं होतं. रणवीरची पद्धत जुनी होती. एकाच पानात सगळं. तिथेच सेन्सरला विचारायचं, तिथेच आकडा छापायचा. सेन्सरने उत्तर दिलं नाही की पान कोरं. संयोगिता त्याला कचरा म्हणाली होती. आकडा आणणारा भाग वेगळा हवा, दाखवणारा वेगळा. दाखवणाऱ्याने आकडा कुठून येतो हे विचारायचंच नाही. प्रत्येक वेबसाइटबद्दल तिचं हेच मत होतं. तिने निवडलेल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आयत्या सांगाड्यात, हे कप्पे तयारच मिळत होते. दोन्हींच्या मध्ये तिने आपला एक छोटा भाग बसवला. तो शेवटचा आकडा जपून ठेवायचा, म्हणजे पान कधीच रिकामं दिसणार नाही.

"कोरं दिसलं तर माणूस उठून मीटर बघायला तरी जाईल," रणवीर म्हणाला होता.

"कोरं पान म्हणजे डिझाइन नव्हे, सर." ती हसली होती. शेवटी रणवीरने तिचंच ऐकलं. पुढे गिऱ्हाइकांना तो अभिमानाने सांगायचा, आमचं पान कधी बंद पडत नाही.

आज सकाळीच तिने त्या केमिकल कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या होत्या. रणवीरलाही दाखवल्या होत्या.

कडी अर्धी निघाली.

"काका," संयोगिता म्हणाली. "तुमचे भाऊ जागे होते."

"संयोगिता, चूप!"

"सेन्सरची तार दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुटली. टाकी फुटली दोन पन्नासला. मधली चाळीस मिनिटं पान जुनाच आकडा दाखवत होतं. ते मी तसं लिहिलंय. यांनी नाही. यांचा तर विरोध होता."

विश्राम वळला. पाइप पुन्हा वर गेला. ती मागे सरली नाही. तिने डोळे मिटले आणि वाट पाहिली. घाव आला नाही.

तिने डोळे उघडले, खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला. दोन्ही वेळा तिने सुवाच्य लिहिल्या. खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

"हे घ्या. पोलीस, कंपनी, कुणालाही दाखवा. पण आधी श्रीकृष्णभाऊंना द्या. त्यांना म्हणावं, चूक माझी होती."

विश्रामने कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग तो उभ्या जागी फरशीवर बसला. पाइप हातातून सुटून रणवीरच्या पायापर्यंत घरंगळत गेला. कुणी तो उचलला नाही.

"झोपला होता असं लिहा ना, बाई," तो म्हणाला.

"पण का?"

"टाकी फुटून गेलेल्या त्या दोघांत एक माझा मुलगा होता." त्याने आपले दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. "सकाळी मी श्रीकृष्णाचा गळा आवळला, तेव्हा श्वास होता तोवर तो हेच सांगत होता, मी जागा होतो."